जोडीची सीट

बाबा जाऊन वर्ष उलटलं, तरी आई रोज दुपारी गॅरेजमध्ये जाऊन त्यांच्या जुन्या गाडीत बसायची. ड्रायव्हरच्या शेजारी, आपल्या नेहमीच्या जागी. मग बाबांच्या रिकाम्या सीटकडे बघून दिवसभराचं सगळं सांगायची. दूध नासलं, गुडघा ठणकतोय, शेजारीण पुन्हा भांडली. मधेच थांबायची, ऐकल्यासारखी मान हलवायची आणि खुदकन हसायची. धाकट्या लेकीला पहिल्यांदा ते पाहून रडूच कोसळलं होतं. मग सवय झाली. आई जेवत होती, झोपत होती, आणखी काय हवं?

आता एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण नाही! धाकटीच्या डोक्यात आलं, गाडी चालू करून आईला फिरवून आणायचं. इंजिन मेकॅनिकनं मार्गी लावलं. प्रश्न उरला बाबांच्या सीटचा. रेक्झिन फाटून काथ्या बाहेर आलेला, आणि एक स्प्रिंग तर अशी वर आलेली की बसणाऱ्यानं जीव मुठीत धरूनच बसावं. आईची सीट त्या मानानं ठणठणीत होती. शिवाय "माझ्या सीटला हात लावायचा नाही," असं आईनं आधीच बजावलं होतं.

दुकानात नव्या सीट होत्या, पण या गाडीत त्या म्हणजे म्हाताऱ्याला शाळेचा गणवेश. मग धाकटी गावाबाहेरच्या भंगार गाड्यांच्या आवारात गेली. तिथं छपराखाली त्याच मॉडेलची, त्याच मातकट लाल रंगाची एक गाडी उभी होती. चाकं नाहीत, इंजिन नाही, सीट मात्र शाबूत.

"खुशाल न्या," आवाराचे मालक म्हणाले. त्यांना सगळे मामा म्हणायचे. "पण तुमची जुनी इथं आणून ठेवायची. मी जोडी मोडत नाही."

"अहो, भंगारातल्या गाडीला कसली आलीय जोडी?"

"नवरा-बायकोची गाडी होती, ताई. दोघंही गेली. शेजारची जागा मोकळी ठेवलेली तिला चालत नाही. एकदा ठेवून बघितली, पुन्हा नाही ठेवणार बाबा!"

धाकटीला हसू आवरेना. हसत हसतच ती हो म्हणाली. घरी येऊन तिनं गंजलेल्या बोल्टांना तेल पाजलं, पान्याला लोंबकळली, बोटं सोलवटून घेतली. बाबांची सीट आवारात गेली आणि तिथली सीट इकडे आली. रुळांवर अगदी मापात बसली. धाकटीचे पाय आखूड, म्हणून तिनं सीट पुढे ओढून ठेवली. सकाळी बघते तर सीट पार मागे सरकलेली. खिटी ढिली असेल म्हणून तिनं ती आवळून टाकली.

दुपारी आई गाडीत बसली आणि बसली तशी उतरली. चेहरा पांढराफटक.

"अगं, कुणाला आणून बसवलंस माझ्या शेजारी?"

"आई, सीट आहे गं ती!"

"ते कळतंय मला. तिच्यावर कोण बसलंय?"

त्या दिवसापासून आईनं गॅरेजकडे पाठ फिरवली. आधी बोलणं बंद झालं, मग जेवण. ताटासमोर बसायची आणि तशीच उठून जायची. धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. बाबा गेले ते गेले, आता आईलाही आपण आपल्याच हातांनी घालवतोय की काय?

चुलीत गेली ती हौस, म्हणत तिनं आईला मागे बसवलं आणि गाडी काढली. स्वतः पुढे बसली, तर सीट चक्क ऊबदार होती. कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटत होतं. अख्खी वाट तिनं पाठ न टेकता, अंग चोरून गाडी चालवली.

मामांच्या आवारात, छपराखालच्या गाडीत बाबांची सीट बसवलेली होती. आई लगबगीनं गेली, शेजारचं दार उघडलं आणि दोन पावलं मागे आली.

"बसता येत नाही गं. तिथं ती बसलीय."

धाकटी मामांकडे धावली. "मामा, बदलून द्या! आत्ताच्या आत्ता!"

मामांनी पाना घेतला आणि ते कामाला लागले.

बाबांची सीट आपल्या गाडीत परत आली, तशी आई आपल्या जागी जाऊन बसली. फाटक्या रेक्झिनवरून तिनं हात फिरवला आणि तिचा चेहरा उजळला. "आले गं," ती म्हणाली. धाकटीनं सुटकेचा श्वास सोडला, डोळे पुसले आणि दार धरून बाहेरच उभी राहिली.

आई बोलू लागली. दूध, गुडघा, शेजारीण. मग थांबली, ऐकलं, मान हलवली. पण हसली नाही.

"काय झालं आई? रागावलेत का?"

"छे गं. चांगले बोलतायत. अगदी लाडानं बोलतायत." आईनं सीटवरचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. "पण हाक मारतायत ती दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं."