निवटी मधोमधच का जाते?

माजिवड्याच्या कॉलेजचा हॉल खच्चून भरला होता. पडद्यावरची निवटी, खाडीच्या चिखलातली ती उड्या मारणारी मासळी, टुणकन उडी मारायची, की कुठल्याही गणिताचं उत्तर हजर! टाळ्या काही थांबेनात.

"उत्तर शोधायच्या रीतींना नावं द्यायला मुंग्या झाल्या, लांडगे झाले, देवमासे झाले," डॉ. महिपत सर माइकवरून गरजले. "आता आपल्या ठाण्याच्या खाडीतली निवटी! आमच्या निवटी अल्गोरिदमला जे दिसतं ते कुणालाच दिसत नाही!"

कसलं बोडक्याचं दिसतंय! पहिल्या रांगेत संचिताची नुसती चुळबुळ चालली होती. सर तिचे गाइड, पीएचडी त्यांच्या सहीवर अडलेली, निवटीवरच्या पेपरवर तिचंही नाव. आणि कल्याण-डोंबिवलीत अॅम्ब्युलन्स कुठे उभ्या करायच्या, ते आता हीच निवटी ठरवणार होती. अॅम्ब्युलन्स संस्थेचे दामाजीकाका करारावर सही करायला पेन काढूनच बसलेले. काल तिने निवटीचा कोड नीट वाचला, तेव्हा त्यातली खोट तिला सापडली होती.

ती उठली. "सर, उत्तराची जागा जरा हलवून बघू या?"

"अगं, आत्ता? बस खाली." मग हळूच, "सही हवीये ना तुला?"

ती खाली बसणारच होती. पण अॅम्ब्युलन्सची वाट बघणारं घर डोळ्यांपुढे आलं आणि तिचं डोकंच सटकलं. ती तडक लॅपटॉपपाशी गेली.

"चांगलं उत्तर म्हणजे मैदानात पुरलेला हंडा समजा. चाचणीच्या ह्या सगळ्या गणितांत हंडा बरोब्बर मधोमध आहे. मी तो कोपऱ्यात नेते."

निवटी उडाली आणि मधोमध जाऊन बसली. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"ती शोधतच नाही!" संचिता म्हणाली. "आमचं सूत्र तिला दर उडीला मध्याकडे ओढतं. खरी निवटी आमच्या कोळीवाड्यात येऊन बघा, चिखल दिसेल तिथे उडते."

"म्हणजे आमच्या गाड्याही शहराच्या मधोमध?" दामाजीकाकांनी विचारलं.

"हो काका. आणि पार टोकाच्या टिटवाळ्याचा पेशंट बसला असता वाट बघत."

सर लालबुंद झाले. "अगं, चाचणीला सगळे हीच गणितं वापरतात! तुझा गाइड मी नाही यापुढे."

"दुसरा शोधेन, सर. पेपरवरून माझं नाव काढा." ती हॉलकडे वळली. "कुणी गुप्तधन काढून दाखवलं तर लगेच टाळ्या नका वाजवू. आधी हंडा हलवा, मग पुन्हा शोधायला सांगा."

दामाजीकाकांनी पेनाला टोपण लावलं.