बॅटरी म्हणजे काय

"पळालो? मी पळालो?" मामांनी पट्टी बांधलेला उजवा हात टेबलावर आपटला असता, पण मामींनी तो वरच्यावर धरला.

"हे पळाले म्हणता, साहेब? पुन्हा एकदा बोला, मला ऐकू द्या," मामी म्हणाल्या.

थिएटरच्या मॅनेजरनं खुर्ची जरा मागे सरकवली. "मी नाही हो म्हणत. पब्लिक म्हणतंय. जिन्यात एक आजी नातवाला घेऊन उभ्या होत्या आणि डोअरकीपर त्यांना अंधारात सोडून पळाला. मालकांच्या कानावर गेलंय. मी त्यांना काय सांगू?"

"खरं सांगा की!" मामा म्हणाले.

खरं सांगायला काय, जीभ लागते. मिसरूड फुटल्यापासून मामा याच थिएटरात डोअरकीपर. उशिरा आलेल्याला बॅटरी दाखवून खुर्चीपर्यंत न्यायचं, हे त्यांचं काम. उजेड पायाशी मारायचा, तोंडावर नाही, हा त्यांचा नेम. शेवटाला दारं उघडायची असल्यामुळे त्यांनी एकही सिनेमा धड संपताना पाहिला नव्हता. आणि अशा माणसाला पळपुटा म्हणायचं? जिभेला काही हाड?

परवा झालं होतं ते एवढंच. दुपारचा खेळ सुरू झाला होता. आजी पायरीवर, नातू त्यांच्या कडेवर, आणि मामांच्या हातातली बॅटरी तापायला लागली. बघता बघता चटका बसू लागला, आतून फुसफुस ऐकू आली, डोकं उठवणारा वास सुटला. मामा म्हणाले, "आजी, जागच्या हलू नका," आणि ती पेटू पाहणारी वस्तू मुठीत घट्ट धरून सरळ बाहेरच्या दाराकडे धावले. दाराशी वाळूची बादली होती. तिच्यात खुपसता खुपसता बॅटरी फुटली. तळहात भाजला, अंगठा तर असा भाजला की पुन्हा वाकेल की नाही, हे डॉक्टरही सांगेनात.

"पण मामा, हातातच कशाला धरलीत? द्यायची फेकून!"

"कुणाच्या अंगावर फेकू? तुम्ही जागा दाखवा, साहेब. भरलेला हॉल होता."

मॅनेजर खुर्चीत पुढे सरकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, मधला मार्ग काढू. मामांनी स्वतःचे बाहेरचे सेल घातले होते, असं आपण म्हणू. मामांनी फक्त हो म्हणायचं. मालकांचा राग शांत होईल, नोकरी राहील. तिकीट खिडकीवर बसवतो."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!" मामी कडाडल्या. "सेल तुम्ही आणलेत, चार्जर तुमच्या टेबलावर, आणि दोष यांच्या माथी?"

"मामी, चूक झालीच आहे ना?" मॅनेजरनं चार्जर उचलून उलटा केला. "इथं मराठीत छापलंय. 'नवी व जुनी बॅटरी एकत्र वापरू नये.' वापरली ना एकत्र?"

"कुठं वापरली?" मामा उसळले. "हेच तुम्ही आम्हाला इथं उभं करून वाचून दाखवलंत, आणि वर सांगितलंत, नव्या बॅटऱ्या बाल्कनीला, जुन्या खाली, सरमिसळ करायची नाही. आम्ही एकदाही केली नाही. लांब्याला विचारा."

लांब्या म्हणजे बाल्कनीचा डोअरकीपर. तो दारातच उभा होता. त्यानं मान हलवली. "एकदाही नाही, साहेब. सेल तेवढे एका डब्यात. चार्ज झाले की हाताला लागतील ते दोन घालायचे."

मॅनेजरनं कपाळावर हात मारला. "अहो, बॅटरी म्हणजे सेल! त्या सेलला म्हटलंय ते!"

"आत्ता सेल झाला?" मामा म्हणाले. "आणि रोज तुम्ही ओरडता, 'मामा, इकडं बॅटरी मारा,' तेव्हा काय सेल फेकून मारायचा होता?"

लांब्याला हसू फुटलं. मामी मात्र हसल्या नाहीत. त्या काल दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आल्या होत्या. त्यानं सांगितलं होतं, एका बॅटरीतले दोन सेल जोडीनं घ्यायचे, जोडीनंच चार्ज करायचे, जोडी मोडायची नाही. एक भरलेला, एक थकलेला घातला की भरलेला रेटत राहतो, थकलेला पार रिकामा होऊन तापतो, आणि मग फुटतो.

"ती ओळ समजण्यात मीही चुकलो, तुम्हीही चुकलात," मामा म्हणाले. "ते मी मालकांसमोर सांगेन. पण खोटं हो म्हणणार नाही. आणि पळालो असं तर मेलो तरी म्हणणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नका," मॅनेजर खिडकीकडे बघत म्हणाला. "माझाही नाइलाज आहे."

मामा उठले. दारात लांब्याच्या हातातल्या बॅटरीकडे त्यांची नजर गेली आणि ते थबकले.

"अरे, हिच्यात कुठले सेल?"

"त्याच डब्यातले. नवीन अजून आणलेच नाहीत."

मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. "एकाचा हात गेला तो पुरला नाही का, साहेब?" बॅटरी त्यांनी डाव्या हातानं काढून घेतली. टोपण उजव्या हातानं फिरेना. मामींनी ती घेतली, टोपण उघडलं आणि दोन्ही सेल मॅनेजरच्या टेबलावर ठेवले. एकाचं वेष्टण कोरं, दुसऱ्याचं कडेला फाटलेलं.

"हे असू द्या तुमच्यापाशी," मामी म्हणाल्या.

आत दुपारचा खेळ सुरू झाला होता. हॉलच्या दाराशी एक उशिरा आलेलं जोडपं दाराचा पडदा धरून चाचपडत होतं. लांब्या रिकाम्या हातांनी मामांकडे बघत राहिला.

मामा पुढे झाले. पट्टीचा पांढरा हात त्यांनी खाली, पायऱ्यांच्या उंचीवर धरला.

"हात दिसतोय ना? त्याच्यामागनं सावकाश या. इथं पायरी आहे."