वीस वर्षांचा केक

कोपनहेगनच्या त्या प्रयोगशाळेत ज्याची चूक, त्यानेच सगळ्यांसाठी केक आणायचा असा रिवाज होता. म्हातारा अस्गर केकचा डबा टेबलावर ठेवून खुर्चीत बसला. ग्रीनलंडच्या बर्फात समुद्रातून येणारं गंधक घटतंय, म्हणजे ते सोडणारं समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ मरतंय, असं तो वीस वर्षं सांगत आला होता. नव्या मोजणीत गंधक पूर्वीइतकंच निघालं. कारखान्यांच्या धुराने त्याचं रूप तेवढं पालटलं होतं आणि अस्गर एकच रूप मोजत बसला होता.

"अरे, समुद्र जिवंत आहे," केक कापता कापता डोर्टे म्हणाली. इतकी वर्षं ती त्याच्याच शेजारी बसून बर्फ कापत आली होती. "जरा हस की."

"वीस वर्षं सुतक पाळलंय मी त्याचं," अस्गर म्हणाला. "आता मेलेलाच दारात येऊन उभा राहिला, तर आधी संतापच येतो."