वच्छलाबाईंचं जंगल

“खाल्लं. आपल्याच लेकराले खाल्लं तिनं,” असं म्हणून कलाबाईंनी पदर डोळ्यांवर ओढला, आणि शाळेच्या पटांगणात बसलेल्या शे-दीडशे बायका एकदम कुजबुजायला लागल्या.

पडद्यावर वाघीण पिल्लाला तोंडात धरून नाला ओलांडत होती. चौपन्न सालचा जानेवारी होता. नागपूरच्या प्रचार खात्याची गाडी पांढुर्ण्याला पहिल्यांदाच आली होती. दिवेलागण होताच दोन निंबांच्या मध्ये पडदा ताणला गेला आणि रानातल्या जनावरांचा सिनेमा सुरू झाला. पण त्यातली माहिती सगळी इंग्रजीत. मशीन चालवणारे गुणवंतराव हे पाहून अस्वस्थ झाले. त्यांनी आवाज बंद केला, माइक हातात घेतला आणि शिक्षकमंडळी बसली होती तिथे येऊन म्हणाले, कुणीतरी मराठीत सांगा, नाहीतर लोक भलतंच समजून घरी जातील. हेडमास्तरांनी दुसरीकडे पाहिलं. कडेला कन्याशाळेच्या वच्छलाबाई उभ्या होत्या. माइक त्यांच्या हातात आला.

वच्छलानं आयुष्यात वाघ पाहिला नव्हता. पण तिचे सासरे भगवंतराव तीस वर्षं जंगल खात्यात नाकेदार होते. सिल्लेवानीच्या घाटापासून रामाकोन्यापर्यंतचं रान त्यांनी पायी तुडवलं होतं. आता काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. रोज संध्याकाळी सून भाकरी करायची आणि ते चुलीजवळ पाटावर बसून जंगलातलं काहीबाही सांगायचे. त्यातलंच तिला आठवलं.

“खात नाही ती,” वच्छला माइकमध्ये म्हणाली. आपलाच आवाज एवढा मोठा होऊन निंबांवरून फिरलेला ऐकून ती दचकली, पण थांबली नाही. “जागा बदलून राहिली. माणसाचा वास आला की वाघीण पिल्लं दुसरीकडं नेते. दात लागू देत नाही. पाहा, पिल्लू कसं पाय गोळा करून गपचूप लटकलं आहे.”

कलाबाईंनी पदर खाली घेतला. वाघिणीनं पिल्लू पलीकडच्या कपारीत ठेवलं आणि दुसरं आणायला ती परत फिरली, तेव्हा सगळ्या पटांगणानं सुस्कारा सोडला.

त्या दिवसापासून गाडी आली की गुणवंतराव आधी वच्छलाच्या घरी यायचे. सिनेमात काय काय आहे ते सांगायचे, आणि मग भगवंतराव सुनेला तयार करायचे. अस्वल मोहाची फुलं कसं वेचतं, चितळांच्या कळपात पहारा कोण देतं, रानकुत्रे शिकारीला कसे पांगतात. एखादी गोष्ट तिला नीट कळली नाही तर ते हातानं हवेत आकार काढून दाखवायचे. शाळेत ‘हरीण’ या एकाच शब्दावर भागवणारी वच्छला आता चितळ, सांबर, चौशिंगा असं वेगवेगळं सांगू लागली.

मग एके दिवशी यशवंतराव घरी आले. ते कापसाचे व्यापारी आणि शाळेच्या समितीतले वजनदार गृहस्थ. त्यांनी चहा घेतला, संत्र्यांच्या बहाराची चौकशी केली आणि मग मूळ गोष्ट काढली. विधवा बाई, त्यात मास्तरीण, तिचा आवाज भोंग्यावरून साऱ्या बाजारात जातो हे लोकांना बरं दिसत नाही. तिनं हे बंदच करावं, नाहीतर समितीत विषय निघेल.

वच्छला दाराआड उभी होती. नोकरी गेली तर काय, हे तिच्या मनात येऊन गेलं. नवरा विषमज्वरानं गेला तेव्हा ती वीस वर्षांची होती. भगवंतरावांनी तिला माहेरी धाडलं नाही की स्वयंपाकघरात कोंडलं नाही. मास्तरीण व्हायला नागपूरला नॉर्मल स्कूलमध्ये घातलं. भावकीनं दोन वर्षं बोलणं टाकलं, तरी हा माणूस दर सुट्टीला पांढुर्ण्याच्या स्टेशनावर तिला घ्यायला उभा असायचा. त्यांना आता या वयात कुणाचं ऐकून घ्यावं लागू नये, म्हणून आपणच नाही म्हणावं असं तिनं ठरवलंही.

तेवढ्यात भगवंतराव बोलले. आवाज चढवला नाही.

“यशवंतराव, मले आता काही दिसत नाही. ती सांगते तेव्हा दिसते. एवढं बंद करू नका.”

यशवंतरावांनी रिकामी कपबशी बाजूला सारली. शेवटी म्हणाले, आवाज बाजारात जायला नको एवढंच असेल तर माझं कापसाचं गोदाम आहे. दुपारी दारं लावून घ्या, आत अंधारच असतो.

त्यांनी तोडगा काढला होता इभ्रतीसाठी, पण त्यानं भलतंच भलं केलं. संध्याकाळी चुलीपुढून उठता न येणाऱ्या बायका दुपारी मोकळ्या असायच्या. त्या लेकरं काखेत घेऊन गोदामात येऊ लागल्या. भगवंतराव दाराजवळच्या रिकाम्या पोत्यांवर बसायचे. वच्छलानं काही चुकीचं सांगितलं तर ते नुसते खाकरायचे, आणि ती लगेच दुरुस्त करून घ्यायची. पुढे पुढे तर बायका त्या खाकरण्याची वाट पाहू लागल्या.

छप्पन सालच्या ऑक्टोबरात गुणवंतराव आले ते निरोप घ्यायलाच. एक नोव्हेंबरपासून नागपूर मुंबई राज्यात जाणार होतं आणि पांढुर्णा, सौंसर मध्य प्रदेशातच राहणार होते. राजधानी भोपाळ. नागपूरची गाडी आता इकडे येणार नव्हती. त्या दुपारचा खेळ संपल्यावर गुणवंतरावांनी गोदामाची दारं उघडली नाहीत. ते माइक घेऊन भगवंतरावांकडे गेले आणि म्हणाले, “बाबा, आज तुम्ही काही सांगा.”

भगवंतरावांनी माइक चाचपला. भाषण त्यांना येत नव्हतं. थोडं थांबून त्यांनी वाघ दिसल्यावर सांबर जसं ओरडतं तसा आवाज काढला, एकदा, मग पुन्हा एकदा. अंधारात एकही लेकरू रडलं नाही.

घरी जाताना त्यांचा हात सुनेच्या खांद्यावर होता. मारुतीच्या देवळापाशी ते म्हणाले, “डोळे गेले तवा वाटलं, रान गेलं. तू वापस आणून देल्लं.”

वच्छलाला खूप बोलायचं होतं. नॉर्मल स्कूलबद्दल, स्टेशनाबद्दल, त्या दोन वर्षांबद्दल. “पुढं दगड आहे मामाजी, पाय जपून,” एवढंच ती म्हणाली.

वर्षभरानं नव्या राज्याची गाडी आली. गाडी चांगली होती, पडदा मोठा होता, माहिती हिंदीत होती आणि साफ ऐकू येत होती. खेळ संध्याकाळी पटांगणात होता. आता मराठीत सांगायला कुणाची गरज नव्हती आणि कुणी विचारलंही नाही. वच्छला सासऱ्यांना घेऊन बायकांच्या बाजूला, सतरंजीच्या कडेला बसली. एवढ्या खेळांत पहिल्यांदाच तिला नुसतं पाहत बसायचं होतं.

हत्तींचा कळप नदीत उतरला. हिंदीतला भारदस्त आवाज नदीचं नाव, हत्तींचं वजन सांगत होता. भगवंतराव मान कलती करून ऐकत राहिले. मग त्यांनी हळूच तिच्या मनगटाला हात लावला.

“हत्ती किती मोठा आहे ते हा सांगून राहिला,” ते म्हणाले. “करून काय राहिला, ते सांगत नाही. तू सांग.”

वच्छला त्यांच्या कानाशी वाकली आणि कुजबुजत सांगू लागली: पिल्लू पाण्याला भ्यालं आहे, आई सोंडेनं मागून ढकलून राहिली, आता पाय टाकला.

पुढे बसलेल्या कलाबाईंनी मागे वळून पाहिलं. मग त्या बसल्या जागीच मागे सरकल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ बाकीच्या बायकाही.