हात थांबला की रेकॉर्ड चालणार

माझ्या भावाला, चुडामणला, गाण्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. आरती आणि लावणी एकापाठोपाठ लावा, दोन्हींना सारखीच मान डोलावेल. आणि जळगावात त्याची ख्याती काय, तर नवीन रेकॉर्ड आली की चुडामणशेठला विचारा, शेठचा कान म्हणजे कान! अहो, कसला कान? तो कान माझा होता. सहा वर्षं त्यानं तो फुकट वापरला.

मी यशोदा, त्याची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षभरात नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं ते सोडलंच. तेव्हा भावाचं दुकान नुकतंच सुरू झालं होतं, पुढं दुकान आणि मागं घर. मुंबईहून दर महिन्याला नव्या रेकॉर्डचं खोकं यायचं. हिंदी सिनेमाच्या असायच्याच, पण मराठी, गुजराती, पंजाबी, बंगाली, मद्रासकडच्यासुद्धा असायच्या. दुपारी दुकान बंद असलं की मी मागच्या खोलीत एकेक लावायची आणि समोर सुपात डाळ निवडायला घ्यायची. गाणं बेताचं असलं तर हात चालू राहायचा. गाणं चांगलं असलं तर हात आपोआप थांबायचा. भाषा कळो न कळो, हात थांबला की ती रेकॉर्ड चालणार. एकदाही चुकलं नाही.

मग मी प्रत्येक रेकॉर्डची चिठ्ठी लिहून तिच्या कव्हरात घालायची. 'गुजराती गरबा, बाया फेर धरतील, शिरपूरकडे जाईल.' 'मद्रासी फिडल, हॉटेलात सकाळी लावायला, अमळनेरच्या हॉटेलवाल्याला द्यावी.' हळवं गाणं असलं तर कोपऱ्यात लिहायची, 'इथं डोळे भरतात.' बाजाराच्या दिवशी भाऊ दुकानासमोर भोंगा लावायचा, माइक हातात घ्यायचा आणि माझी चिठ्ठी स्वतःच्या मनातली असल्यासारखी वाचायचा. 'इथं डोळे भरतात' आलं की खिशातून रुमाल काढून खरंच डोळे पुसायचा! लोक म्हणायचे, बघा, केवढा रसिक माणूस. मी आतून बघायची आणि पदर तोंडावर धरून हसायची. तेव्हा राग नव्हता हो. कारण त्यानं शब्द दिला होता.

'यशोदे, धुळ्याला दुसरं दुकान काढायचंय,' तो म्हणाला होता, 'ते तुझं. तू गल्ल्यावर बसायचं, तूच रेकॉर्डी निवडायच्या, पाटीवर तुझं नाव.' देवासमोर उभं राहून म्हणाला होता. त्या शब्दावर मी सहा वर्षं वहिनीचे टोमणे गिळले. कुणी विचारलं, बाई, पुढं काय, तर मनात म्हणायची, पुढं धुळं.

सत्तर सालच्या आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्त धरला. धुळ्याला उत्तमचंद नावाच्या मारवाडी शेठचा गाळा मिळाला. त्यांनीही चुडामणच्या कानाची कीर्ती ऐकूनच दिला होता. आखाजीच्या आठ दिवस आधी भाऊ पेढे घेऊन घरात आला. माझ्या हातावर एक ठेवून म्हणाला, 'धुळ्याला कौतिक बसेल.'

कौतिक म्हणजे वहिनीचा भाऊ. पहूरला दिवसभर पारावर पत्ते कुटणारा. रेकॉर्डची सुई कुठल्या बाजूनं ठेवतात हेही त्याला ठाऊक नव्हतं.

'आणि मी?' मी विचारलं.

'तू आहेसच की इथं. चिठ्ठ्या लिहून बसनं पाठवत जा.'

'भाऊ, तू शब्द दिला होतास.'

'अगं, समजून घे जरा. नवऱ्यानं टाकलेली बाई गल्ल्यावर बसवली तर लोक काय म्हणतील? दुकानात चार माणसं येतात-जातात.'

तोच पेढा मी त्याच्या हातावर परत ठेवला. तो म्हणाला, 'रुसू नकोस गं,' आणि स्वतःच खाऊन टाकला. अंगाचा नुसता जाळ झाला माझ्या. सहा वर्षं माझ्या चिठ्ठ्या वाचून पोट भरताना मी टाकलेली नव्हते, आणि खुर्ची द्यायची वेळ आली तेव्हा झाले! त्या दिवशी ठरवलं, याला याच्याच माइकवर उघडा पाडायचा. मी कशाला बोलू? तोच बोलेल.

उद्घाटनाला पाच नव्या रेकॉर्डी लावायच्या ठरल्या. मी पाचही ऐकल्या. पाच चिठ्ठ्या लिहिल्या, नेहमीपेक्षा जास्त मन लावून. एक अक्षर खोटं लिहिलं नाही, देवाशपथ. फक्त पहिली चिठ्ठी पहिलीच्या कव्हरात घातली आणि बाकीच्या चार आपापसांत बदलल्या.

आता माझं पाप-पुण्य तुम्हीच ठरवा. कारण निघायच्या दिवशी सकाळी मी पाचही रेकॉर्डी त्याच्यासमोर ठेवल्या होत्या आणि म्हटलं होतं, 'भाऊ, नवीन गाव आहे. एवढी एक वेळ तू स्वतः ऐकून घे.'

तो आरशासमोर टोपी नीट करत होता. म्हणाला, 'तू ऐकलंस ना? मग झालं.'

मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

एसटीत पाचही रेकॉर्डी मी मांडीवर धरून नेल्या. वैशाखाच्या उन्हात रेकॉर्ड पापडासारखी वाकते, म्हणून ओला पंचा खिडकीला लावला होता. कौतिक पुढच्या सीटवर नव्या शर्टात घोरत होता. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी येतात. मी माहेरातून निघाले होते, तेही दुसऱ्याची खुर्ची मांडायला.

धुळ्यात मांडव, झेंडूच्या माळा, भोंगे दोन. लग्नावरातीत रेकॉर्डी वाजवणारे लाऊडस्पीकरवाले लांबलांबून आले होते. शिरपूरचा भटू सगळ्यांत पुढं, तो चुडामणचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. एका बाजूला बायकांसाठी जाजम होतं, तिथं उत्तमचंदांच्या आई पानबाई बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले. भाऊ माइकपाशी, कौतिक मागं मशीनपाशी.

पहिली रेकॉर्ड हिंदी सिनेमाची. चिठ्ठी बरोबर, गाणं बरोबर, टाळ्या. भावाची छाती फुगली.

दुसरी चिठ्ठी त्यानं उघडली. 'मंडळी, ही बंगाली. नावाड्याचं गाणं आहे. रात्रीची नदी, एकटा आवाज, वाद्य जवळजवळ नाहीच. ऐका कसं काळीज चिरत जातं!'

कौतिकनं सुई ठेवली आणि भोंग्यातून धडाड ढोल सुटला. वीस पंजाबी बाप्ये एका सुरात ओरडले. मांडवातली पोरं उड्या मारायला लागली. आणि माझा भाऊ? डोळे मिटून सावकाश मान हलवत होता. वर माइकवर म्हणतो, 'बघा, बघा कसा एकटा आवाज!'

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी फस्सकन हसलं. तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि मांडवातून माझ्याकडे बघितलं. चिठ्ठी जराशी वर धरली, म्हणजे विचारलं, बरोबर आहे ना?

सहा वर्षांत माझी एकही चिठ्ठी चुकली नव्हती. स्वतःच्या कानांपेक्षा त्याचा माझ्यावर भरवसा जास्त होता, हे मला त्या क्षणी दिसलं. क्षणभर वाटलं, थांब म्हणून खुणवावं, खोटं कशाला बोलू? पण मग तो पेढा आठवला. मी ठामपणे मान हलवली. बरोबर आहे, पुढं चल.

तो पुढं चालला. 'आता पंजाबी! वरातीसाठीच बनवलेली. ही लावली की घोडीसुद्धा नाचेल!' आणि गाणं लागलं ते त्या नावाड्याचं. एक म्हातारा आवाज, लांबच लांब तान. भाऊ ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागला. ठेका असेल तर ना!

भटूला राहवलं नाही. त्यानं उभं राहून हाक मारली, 'शेठ, या गानावर वरात काढी तं नवरदेव आठ दिनमा पोची!'

मांडव फुटला हसण्यानं. भावाचा चेहरा उतरला, पण माइक सोडवेना. त्याला वाटलं, पुढच्या गाण्यानं सावरेल. चौथं कव्हर घाईघाईनं उघडलं.

दोन मारवाडी रेकॉर्डी होत्या, उत्तमचंदांच्या मानासाठी मुद्दाम मागवलेल्या. एक मुलीच्या पाठवणीची. दुसरी लग्नात बायका व्याह्याला शिव्या देतात ना, त्या गाण्यांची.

'ही मारवाडी, शेठजींच्या घरची भाषा,' भाऊ म्हणाला. 'लेक सासरी निघालीय. आई दारात उभी आहे. मंडळी, इथं डोळे भरतात...'

सुई टेकली. बायकांच्या गोड आवाजात सुरू झालं, व्याह्याचं पोट केवढं, व्याह्याची मिशी कुणी कापली, व्याही जेवायला बसला तर उठतच नाही. आणि मांडवासमोर, दोन भोंग्यांखाली, माझ्या भावानं खिशातून रुमाल काढला आणि डोळे पुसायला सुरुवात केली.

पानबाई आधी चकित झाल्या. मग त्यांनी त्याच्या पोटाकडे बघितलं, रुमालाकडे बघितलं आणि अशा हसल्या, अशा हसल्या, की मला त्यांची पाठ चोळावी लागली. जाजमावरच्या सगळ्या मारवाडी बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. उत्तमचंद तोंडावर हात धरून भिंतीकडे वळले. जितकं हसू वाढलं, तितका भाऊ जोरात डोळे पुसायला लागला, कारण चिठ्ठीत तसं लिहिलं होतं! सहा वर्षं मी ज्याची वाट बघितली नव्हती, ते सुख मला त्या पाच मिनिटांत मिळालं. तुम्हाला वाईट वाटलं तर वाटू द्या.

कौतिकनं घाबरून सुई उचलली. शांतता झाली तशी भटू पुढं आला. 'शेठ, खरं सांगा. या रेकॉर्डी ऐकतं कोण?'

भावानं माझ्याकडे बघितलं. रुमाल हातात तसाच.

मी उठले. जाजमावरून सरळ माइकपाशी गेले आणि म्हटलं, 'मी ऐकते. चिठ्ठ्या माझ्या आहेत. अक्षर बघून घ्या.' मग चारही कव्हरं उघडली, ज्याची चिठ्ठी त्याच्यात घातली आणि एकेक पुन्हा लावली. ढोलाला ढोल म्हटलं, नावेला नाव. शेवटी पाठवणीचं लावलं, तेव्हा मघाशी हसलेल्या पानबाई पदरानं डोळे पुसत होत्या, रुमाल न दाखवता. भटूनं पाचही रेकॉर्डी तिथल्या तिथं बाजूला ठेवून घेतल्या.

उत्तमचंद भावाजवळ आले. 'चुडामणभाऊ, गाळा मी तुमच्या कानाकडं बघून दिला होता. कान या बाईंचा निघाला. किल्ली यांच्याकडे देता का, की मी दुसरा माणूस बघू?'

पानबाई मागून म्हणाल्या, 'विचारतोस काय रे, घेऊन दे.'

भावानं किल्ली माझ्या हातावर ठेवली. पेढा ठेवला होता त्याच हातावर. मग फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, 'तू मान हलवलीस, यशोदे. मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता.'

'मीही ठेवला होता,' मी म्हटलं. 'सहा वर्षं.'

कौतिक संध्याकाळच्या बसनं पहूरला गेला. पाटी पंधरा दिवसांत रंगून आली, तिच्यावर माझं नाव.

जळगावचं दुकान भावाकडेच राहिलं. पण तिथं आता चिठ्ठ्या कोण लिहिणार? पाच महिने त्यानं स्वतः निवडून पाहिलं. माल पडून राहिला, लोक भटूचं वाक्य त्याला तोंडावर ऐकवायला लागले. मग एक दिवस दुपारी तो धुळ्याला आला, भर उन्हाचा, रेकॉर्डींचं खोकं मांडीवर धरून, खिडकीला ओला पंचा लावून. तेव्हापासून दर महिन्याला येतो. मी पाणी देते, जेवायला वाढते. बहीणच आहे मी त्याची.

मग तो खोकं उघडतो, एकेक रेकॉर्ड लावतो आणि माझ्यासमोर बसतो. मी सूप पुढं ओढून डाळ निवडायला घेते. तो गाणं ऐकत नाही. माझे हात बघत बसतो. हात थांबला की रेकॉर्ड चालणार, हे त्याला ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात त्यानं एक मद्रासकडची रेकॉर्ड लावली. नवीनच बाई गात होती कुणी. पहिल्या ओळीलाच बोटं थांबायला आली. असं गाणं मी वर्षानुवर्षांत ऐकलं नव्हतं. डोळे मिटावेत, सूप बाजूला सारावं आणि नुसतं बसून राहावं असं गाणं. भाऊ माझ्या बोटांकडे टक लावून बघत होता.

मी हात थांबू दिला नाही. खडा उचलला, टाकला. दुसरा उचलला. गाणं संपेपर्यंत डाळ निवडत राहिले, दाणा दिसत नव्हता तरी.

'म्हणजे ही नको?' त्यानं विचारलं.

मी आणखी एक खडा उचलून टाकला.

'यशोदे, खरं सांगतेस ना?'

'तू ऐकून बघ, भाऊ,' मी म्हटलं.

त्यानं ती रेकॉर्ड परत खोक्यात घातली, मुंबईला परत पाठवायच्या ढिगात. तो बसमध्ये चढल्यावर मी मुंबईच्या कंपनीला कार्ड लिहिलं, त्याच रेकॉर्डच्या पन्नास प्रती धुळ्याला पाठवा.