वाकडा ठरलेला ढकलगाडा

मी अमेरिकेतल्या टोलेडोच्या फुटबॉल संघाचा, सरावाचा ढकलगाडा बोलतोय. आमच्याकडचा फुटबॉल पायाने कमी आणि अंगाने जास्त खेळतात. अंड्याच्या आकाराचा चेंडू बगलेत मारून पळायचं, नाहीतर लांब फेकायचा, आणि मध्ये येईल त्याला आडवं करायचं. मला गाडा म्हणतात खरं, पण चाकं नाहीत. खाली दोन लोखंडी घसरपट्ट्या, त्यांवर आडवा दांडा आणि दांड्यावर छातीच्या उंचीला पाच गाद्या, एवढाच माझा देह. आयोवातल्या ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे नांगरही बनत. नांगर शेतात गेले आणि मी इथे येऊन तेरा उन्हाळे धडका खाल्ल्या.

धडका देणारे पाच जण. त्यांना पुढची फळी म्हणतात. एकेक गडी दीडशे किलोचा. यांनी चेंडूच्या वाटेला जायचं नसतं. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे उभं राहायचं आणि त्याच्यावर धावून येणाऱ्यांना थोपवायचं. तो सुखरूप राहिला तर टाळ्या त्याला, तो लोळला तर शिव्या यांना.

हंगाम सप्टेंबरात सुरू होतो, पण फळीची परीक्षा ऑगस्टातच उरकतात. परीक्षक तर विचारू नका. एक जण टेप घेऊन प्रत्येकाच्या हाताची लांबी मोजून गेला. दुसऱ्याने टीव्हीवर बसून आमची फळी देशात नववी ठरवली, तेव्हा एकही सामना झालेला नव्हता. ज्याने आयुष्यात शेजाऱ्याची बंद पडलेली मोटारही ढकलली नसेल, तो 'उजवी बाजू जरा मऊ वाटते' असं लिहून मोकळा झाला. पाच जणांचा जोर रोज माझ्या छातीवर येतो, पण मला विचारायला कुणी आलं नाही.

माझ्यात एकच गुण आहे, मला खोटं वागता येत नाही. पाचही जणांनी सारखा जोर लावला की मी सरळ जातो. डावा गडी कमी पडला की डावीकडे वळतो.

यंदा सगळ्यात डावीकडे आला कोल्टन प्रिचर्ड. टेक्सासचा बावीस वर्षांचा पोरगा, उंची साडेसहा फूट, हात असे की वाकल्याशिवाय बुटाची नाडी बांधावी. संघाचे मुख्य व्यवस्थापक लँडिससाहेब यांनी त्याला देशभरातून निवडून आणला होता आणि येताजाता ते आपल्याच निवडीकडे कौतुकाने बघत. फोटोत पोरगा झकास दिसे. गादीवर मात्र तो नुसता हात लावायचा, जोर लावायचाच नाही. कॉलेजात त्याची उंची बघूनच समोरचे बाजूला होत, त्यामुळे कंबर वाकवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

मग मी सरळ कसा जात होतो? त्याच्या शेजारच्या गादीवर डेल सोबचॅक होता म्हणून. डेल टोलेडोचाच, वय चौतीस, संघात अकरावं वर्ष. पोरं त्याला आजोबा म्हणत. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून, आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूहळू बसायचा. त्याला एवढंच हवं होतं की हा एक हंगाम आपल्या गावात खेळावा आणि मग स्वतःच्या पायांनी घरी जावं. हा माणूस आपली गादी रेटता रेटता खांदा डावीकडे नेई आणि कोल्टनचा वाटाही ओढून नेई. पाय त्यामुळे बाहेर फाकत.

एकदा पाणी पिताना त्याने पोराला सांगितलंही. "पोरा, कंबर खाली ने. हाताने दार ढकलतात."

"आजोबा, कॉलेजात मला कुणी एक पाऊल मागे सारलं नाही."

"तिथं पोरं होती. इथं घरी बायकापोरं असलेले बापे आहेत. ते तुला तुडवून जातील आणि मग तुझ्या तब्येतीची चौकशीही करतील."

कोल्टन हसला आणि बाटली फेकून निघून गेला.

हंगामाआधी नव्वद जणांतून त्रेपन्न ठेवतात. ज्याला काढायचं त्याला सकाळी निरोप येतो, साहेबांनी बोलावलंय, डावपेचांची वही घेऊन ये. त्या दिवसाला आठवडा उरला असताना लँडिससाहेब मैदानात उतरले. पाठीमागे सगळं टिपणारा कॅमेरावाला. फळीचा कोच विन्स डिमार्को, जो रोज वजन म्हणून माझ्या पाठीवर उभा राहतो, त्याला त्यांनी डेलचे फाकलेले पाय दाखवले. मी सरळ जातोय म्हणजे फळी उत्तम, आणि उत्तम फळीत हा एकच म्हातारा वेडेवाकडे पाय टाकतोय, असा त्यांचा हिशोब.

विन्सने डेलला हाक मारली. कोल्टन तिथेच उभा होता.

"डेल, तुझे पाय डावीकडे का जातात?"

डेलने कोल्टनकडे पाहिलंसुद्धा नाही. फळीतला माणूस शेजाऱ्याचं नाव घेत नाही, हा यांचा रिवाज. लग्नात खोटं बोलतील, कोर्टात बोलतील, पण शेजाऱ्यावर बोट दाखवणार नाहीत.

"वय झालं, कोच," डेल म्हणाला.

मला तेव्हा फार वाईट वाटलं. विन्सला खरं कळलं असणार, याची मला खात्री आहे. रोज पाठीवर उभा राहणाऱ्याला मी कुठून हलका आहे ते तळपायांना कळतं. पण पोरगा साहेबांचा लाडका आणि विन्सला आपली खुर्ची प्यारी. तो मिशी चावत राहिला आणि साहेबांनी लिहून घेतलं.

पुढच्या मंगळवारी डेलला वहीसकट बोलावणं आलं. अकरा वर्षांचं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून तो माझ्या बाजूने गेला. डावीकडून दुसऱ्या, आपल्या गादीवर त्याने हात ठेवला, क्षणभरच.

दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा गडी उभा राहिला, पाय अगदी पुस्तकातल्यासारखे. शिट्टी झाली आणि मी डावीकडे वळलो तो थेट सरबताच्या टेबलावर. पुन्हा शिट्टी, पुन्हा डावीकडे. लँडिससाहेबांनी निदान केलं की गाडा वाकडा झालाय. वेल्डिंगवाला आला, त्याने दोरी लावून मला तीनदा मोजलं आणि हा सुतासारखा सरळ आहे म्हणाला. साहेबांना ते पटलं नाही. मला शेडमागे टाकलं आणि नवा गाडा आणला, चकचकीत. तोही पहिल्याच सकाळी डावीकडे वळला.

साहेब कारखान्यावर चिडून फोन काढत होते, तेवढ्यात कोल्टनने शिरस्त्राण काढलं. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"साहेब, गाडा नीट आहे. मीच ढकलत नाहीये. डेल माझं ढकलत होता."

मला वाटलं, आता तरी. लँडिससाहेबांनी खिशातून वही काढली आणि पुटपुटत लिहिलं, "प्रामाणिक. पुढारीपणाचे गुण."

विन्सने घसा साफ करून विचारलं, "मग डेलला परत बोलवायचं का?"

"कशाला?" साहेब म्हणाले. "वय झालं म्हणून तो स्वतःच म्हणाला ना?"

झालं. टीव्हीवरच्या पंडितांनी त्याच आठवड्यात आमची फळी नववीवरून सातवी केली. म्हातारा गेला, ताजं रक्त आलं, म्हणे. कोल्टन आता सकाळी लवकर येऊन एकटाच कंबर वाकवायला शिकतोय. त्याला जमेलही, पण ते डिसेंबरात.

मी शेडमागे पडून आहे. गाद्यांमधून पेंढा निघतोय आणि भंगारवाल्याला निरोप गेलाय. माझी तक्रार नाही, लोखंड वितळतं आणि पुन्हा काहीतरी होतं. रविवारी पहिला सामना आहे. त्या फळीच्या मागे, चेंडू हातात घेऊन, एक सव्वीस वर्षांचा तरुण उभा राहील. आपल्यापुढे देशातली सातवी फळी आहे असं त्याला सांगितलंय आणि त्याने ते खरं मानलंय. तुमच्यापैकी कुणी त्याला ओळखत असेल, तर माझा एवढा निरोप पोचवा. म्हणावं, बाबा रे, डावीकडे बघत राहा.