हेतुकथन

माझी बायको मनू गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी, सेहेचाळीस साली, मी सांगलीला मास्तर व्हायला गेलो. मी कोरेगावचा सुतार, बैलगाड्या करणारा. सरकारला नव्या उद्योगशाळांसाठी कारागीर मास्तर हवे होते. वर्ग तीन महिन्यांचा होता. शेवटी प्रत्येकानं एक पाठ द्यायचा. त्यात नापास झालो तर परत घरच्या छपरात येऊन एकट्यानं काम करायचं होतं, आणि ते मला जमणार नव्हतं.

शिकवायला लालासाहेब मास्तर होते. त्यांनी जन्मात खिळा ठोकला नव्हता, पण पाठ कसा द्यायचा याचं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. वर्गात मुलं नव्हती. म्हणून एकानं शिकवायचं आणि बाकीच्यांनी दहा वर्षांची पोरं व्हायचं. पोरांना काही येत नाही असं धरायचं. हत्यारं आणायची नाहीत, पोरांच्या हाताला लागतील.

मिरजेचा निजाम लोहार पंचावन्न वर्षांचा, दाढी पांढरी. त्यानं हे लय मनावर घेतलं. लष्करात गाड्या दुरुस्त केलेला हंबीरराव हातोड्यावर पाठ देत होता, तेव्हा निजामनं विचारलं, “गुरुजी, हातोडा म्हंजे काय?”

“गप रं! तीस वर्सं हातोडाच मारतूयास न्हवं?”

पोराला दटावलं म्हणून हंबीररावाचे गुण गेले.

माझा विषय मोठी करवत. मी उभा राहिलो.

“आधी हेतुकथन करा,” लालासाहेब म्हणाले.

मला वाटलं, मी का आलो ते विचारतात. मी सांगितलं.

“मास्तर, आमची करवत दोघांनी वढायची. दुसऱ्या टोकाला मनू असायची, माझी बायकू. अठरा वर्सं. आता तिकडं कोण न्हाई. गडी ठिवला, पर त्याची वढ जुळंना. म्हून आलो. शाळंत कोण ना कोण टोक धरंल.”



“हेतुकथन पाठाचं करायचं, आज काय शिकवणार ते सांगायचं,” लालासाहेब हळू म्हणाले. “आणि ते एका वाक्यात असावं.”

“करवत एकट्याला वढवत न्हाई.”

“ठीक.” त्यांनी लिहून घेतलं.

निजामनं बोट वर केलं. “का, गुरुजी?”

“ये हिकडं, दावतो.”

मी हवेतच मूठ धरली. निजामनं समोरची धरली. आम्ही ओढायला लागलो. निजाम उगाच रेटत होता.

“रेटू नगंस. मी वढीन तवा हात सैल सोड.”

हळूहळू जुळलं. दोघांना घाम आला. तेवढ्यात हंबीरराव बाकावरून ओरडला, “आवं मास्तर, वंडका पडतूय! पाय काढा!”

लालासाहेबांनी दोन्ही पाय वर घेतले आणि खुर्चीसकट मागं पडले.

उठून त्यांनी पुस्तक चाळलं. ओंडक्याबद्दल त्यात काही नव्हतं.

“विद्यार्थ्यांचं लक्ष होतं,” ते म्हणाले. “पास.”

मग ओंडका पडला असता ती जागा सोडून, वळसा घालून ते टेबलापाशी गेले आणि नेमणुकीचा कागद काढला.

“लोणंदची शाळा. एक अडचण आहे. शाळा सोमवारी सुरू होईल, पण करवती दिवाळीनंतर येतील. तोवर असंच शिकवावं लागेल.”

“पोरं किती?”

“बावीस.”

अकरा जोड्या होत होत्या. एकही पोरगं सुटं राहत नव्हतं. मी सही केली.